गुळगुळीत कुऱ्हाड, गारगोटीचं पातं आणि दख्खनचे पहिले शेतकरी

विचारणा अशी आहे: शाळेत शिकवलं होतं की हत्यारं ओबडधोबड होती तोवर माणूस शिकारी होता आणि ती घासून गुळगुळीत झाली तेव्हा तो शेतकरी झाला. मग प्रवरेच्या काठी नांगरटीत जी बोटाच्या पेराएवढी गारगोटीची पाती मिळतात ती कोणाची? शेतकऱ्यांची असतील तर ती गुळगुळीत का नाहीत? आणि इनामगावच्या, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या त्या प्राचीन शेतकरी वस्तीतल्या, लोकांना तांबं माहीत होतं म्हणतात, मग त्यांनी दगड सोडला का नाही?

दगडी पाती भिंगाखाली बघणं हाच माझा उद्योग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शाळेतल्या त्या वाक्याचं बघू. जॉन लबक यांनी 1865 साली अश्मयुगाचे जुनं आणि नवं असे दोन भाग पाडले, तेव्हा त्यांच्यासमोर युरोपातली हत्यारं होती. नव्या भागाची खूण म्हणून त्यांनी घासलेली कुऱ्हाड धरली. पुढे गॉर्डन चाइल्ड यांनी 1936 मध्ये नवाश्मयुगीन क्रांतीची कल्पना मांडली. मग घासलेली कुऱ्हाड, मडकी, शेती आणि स्थिर वस्ती हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलं गेलं आणि ते गाठोडं जगभरच्या क्रमिक पुस्तकांत पोचलं. युरोपात ते बऱ्यापैकी जमतंही. इसवी सन पूर्व 5500 च्या सुमारास मध्य युरोपात गव्हाची शेती घेऊन जे लोक पसरले त्यांच्यापुढे दाट जंगल होतं. घर बांधायचं तरी झाड तोडायला हवं आणि शेत काढायचं तरी झाड तोडायला हवं.

घासलेल्या दगडाने झाड तुटतं का, अशी शंका अनेकांना असते. डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकात द्रावेडच्या जंगलात याचा प्रयोगच झाला. संग्रहालयातल्या अस्सल नवाश्मयुगीन गारेच्या कुऱ्हाडींना दांडे बसवले आणि त्या लाकूडतोड्यांच्या हातात दिल्या. त्यांनी सवयीप्रमाणे खांद्यापासून जोर लावून घाव घातले, तर दगडाचे कपचे उडाले. मग तंत्र बदललं. कोपरापासून छोटे, भराभर घाव घालायचे आणि खोड कुरतडत न्यायचं. असं केल्यावर तिघांनी चार तासांत सुमारे पाचशे चौरस मीटर बर्चचं रान साफ केलं. एका कुऱ्हाडीने तर धार न लावता शंभरावर झाडं पाडली. लाकडावर वारंवार आपटणाऱ्या हत्याराला घासलेला पृष्ठभाग हवा असतो, कारण छिललेल्या दगडावरच्या खाचा-कंगोऱ्यांपासून तडे जातात. घासण्याचं कारण एवढंच आहे. ती लाकूडकामाची गरज आहे, तिचा गव्हाशी थेट संबंध नाही.

आता हा हिशेब गोदावरी-भीमेच्या खोऱ्यात लावून बघा. पश्चिम महाराष्ट्राचा पर्जन्यछायेचा पट्टा म्हणजे बाभळी, बोरी, हिवर, गवताळ माळ आणि नदीलगतची काळी जमीन. जंगल तोडून शेत काढण्याची वेळ तिथे क्वचितच आली असेल. उलट कणीस कापायला, मांस सोडवायला, कातडं फाडायला, बांबू-बोरू चिरायला धार रोजची लागते. म्हणून आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगड आणि तांबं दोन्ही वापरणाऱ्या, गावांत पाती हजारोंनी मिळतात आणि घासलेल्या कुऱ्हाडी मोजक्या. नर्मदेकाठच्या नावडातोलीपासून नेवासे, दायमाबाद, इनामगावपर्यंत हेच प्रमाण दिसतं. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, ती पाती शेतकऱ्यांची असू शकतात आणि गुळगुळीत नसणं हा त्यात काही अडथळा नाही. मात्र नुसत्या आकारावरून ती शेतकऱ्यांचीच आहेत असंही म्हणता येत नाही. त्याकडे येतोच.

दगड कुठून आला ते आधी सांगतो, कारण दख्खनची खरी गंमत तिथे आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, घरं-देवळं बांधायला उत्तम, पण त्याची बारीक धार निघत नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचली आणि तिची गारगोटी झाली. कॅल्सेडनी, अकीक, जास्पर ही सगळी याच घरातली. बेसाल्ट झिजतो, या गाठी झिजत नाहीत, म्हणून त्या सुट्या होऊन ओढ्या-नद्यांच्या पात्रात गोळा होतात. प्रवरा, घोड, मुळा, कुठल्याही नदीच्या वाळूत पाय ठेवा, त्या सापडतात. खाण नको, व्यापारी नको. सिंधू संस्कृतीची मोठी शहरं लांब पात्यांसाठी सिंधमधल्या रोहरीच्या डोंगरांतला चर्ट (गारगोटीसारखाच, पण चमक नसलेला दगड) मागवत. इनामगावच्या माणसाला घोड नदीवर पाणी भरायला गेलं की कच्चा माल मिळत होता. फक्त गाठी लहान, त्यामुळे पातीही लहान.

ही पाती कशी काढत, ते समजलं की नांगरटीतल्या तुकड्यांकडे तुमची नजर बदलेल. गोल गोट्यावर नुसता घाव घातला तर वेडावाकडा छिलका उडतो. सरळ, सारख्या रुंदीचं पातं हवं असेल तर त्या घावाच्या जोराला जायला वाट आखून द्यावी लागते. म्हणून कारागीर गाठीच्या एका बाजूला वरून खाली आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे बारीक छिलके काढत जाई. त्यामुळे नागमोडी उभी कड तयार होते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. मग गाठीच्या माथ्यावर त्या कडेच्या टोकाशी दाब दिला किंवा हाडाचं, शिंगाचं टोक ठेवून ठोकलं की ती अख्खी कड एका झटक्यात सुटून येते. हे पहिलं पातं. त्याच्या पाठीवर आडव्या छिलक्यांचे व्रण असतात आणि छेद त्रिकोणी असतो. ते निघाल्यावर गाभ्यावर दोन सरळ धारा उरतात. पुढचं पातं त्यांतल्या एका धारेच्या आधाराने निघतं, त्याच्या मागचं त्याने सोडलेल्या धारेवरून, असं गाभा संपेपर्यंत चालतं. शेवटी हातात राहतो तो उभ्या पन्हाळ्या पडलेला, कारल्याच्या आकाराचा गाभा.

हे तुऱ्याचं पातं दिसायला ओबडधोबड असतं आणि हौशी संग्राहक ते टाकून देतात. माझ्या दृष्टीने पिशवीतला सगळ्यात बोलका तुकडा तोच असतो. तयार पातं कुणीही दहा कोस नेऊ शकतो. तुऱ्याचं पातं, संपलेला गाभा आणि कपच्या एकत्र मिळाल्या म्हणजे काम तिथेच बसून झालं होतं.

आता शिकारी की शेतकरी हा मुद्दा. छोटी पाती ही शेतकऱ्यांची मक्तेदारी कधीच नव्हती. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अशीच इवली दगडी हत्यारं, मिळाली ती शेतीच्या वीस हजारांहून जास्त वर्षं आधीची, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षीदार तुकडे वापरणाऱ्या लोकांची. राजस्थानातल्या बागोरला सूक्ष्मास्त्रांबरोबर शेळ्यामेंढ्यांची हाडं आहेत, म्हणजे ते लोक ना धड नुसते शिकारी, ना शेतकरी. तुऱ्याच्या पद्धतीने काढलेली सरळ लांबट पाती जास्त आणि चंद्रकोरी, त्रिकोण कमी, असा ढीग असेल तर माझा पहिला अंदाज ताम्रपाषाणयुगाकडे जातो. पण तो अंदाजच. बाजूला काळ्या रंगाने नक्षी काढलेलं लाल खापर मिळालं की मी निश्चिंत होतो. जोर्वे खापराचा (प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं) टणक, बोट मारल्यावर खणकन वाजणारा तुकडा दगडांच्या ढिगापेक्षा जास्त सांगतो, हे दगडवाल्याने कबूल करायला हरकत नाही.

मग पात्याच्या धारेवर काय बघायचं? विळ्याची चकाकी. गहू, जव, गवत, बोरू यांच्या धाटात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. ओलसर धाटं शेकड्यांनी कापली की दगडाच्या धारेवर ओलं तेल लावल्यासारखा झळाळ चढतो, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका. रशियन संशोधक सेम्योनोव यांनी 1957 मध्ये झिजेच्या खुणांवरून हत्याराचं काम ओळखण्याची पद्धत मांडली आणि तेव्हापासून लोक दगडी विळे करून शेतं कापत आले आहेत. त्यातून कळलेल्या दोन गोष्टी उपयोगी आहेत. चकाकीचा पट्टा धारेला समांतर असेल तर पातं खोबणीत सरळ बसवलेलं होतं. पट्टा तिरका, एका कोपऱ्यात त्रिकोणी असेल तर पाती करवतीच्या दातांसारखी तिरपी बसवलेली होती. बलुचिस्तानात बोलन नदीकाठी मेहरगढला, इसवी सन पूर्व सातव्या सहस्रकापासूनच्या त्या गावात, अशी तिरपी पाती डांबरात रोवलेली मिळाली आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे ओरखडे. जमिनीलगत कापलं की धाटाला लागलेली माती चकाकीवर बारीक रेघा मारते. काहींच्या मते या रेघा वाढल्या म्हणजे जमीन नांगरलेली, भुसभुशीत होती. मला हा तर्क थोडा ताणलेला वाटतो. पेंढा हवा म्हणून रानगवत बुडापासून कापलं तरी रेघा येणारच.

आणि चकाकी म्हणजे शेती नव्हे, हे तर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. गॅलिली समुद्राकाठच्या ओहालो इथे 23,000 वर्षांपूर्वीच्या पात्यांवर धान्य कापल्याची चकाकी आहे. शेतीच्या दहाएक हजार वर्षं आधी! जॉर्डनमधल्या शुबायका इथे चुलीत 14,400 वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले, तेही शेतीच्या आधीचे. जॅक हार्लन यांनी 1960 च्या दशकात तुर्कस्तानात रानगव्हाच्या कुरणात दगडी पात्याचा विळा चालवून बघितला आणि हिशेब मांडला की एक कुटुंब तीन आठवड्यांत वर्षाला पुरून उरेल इतकं धान्य, न पेरता, गोळा करू शकतं. विळा, पाटा-वरवंटा, साठवणीचे खड्डे हे सगळं रानातल्या धान्यावरही चालतं. शेतीचा पक्का पुरावा दाण्यातच मिळतो. रानटी गव्हाचं कणीस पिकलं की दाणे गळून पडतात, लागवडीच्या गव्हाचं कणीस मळेपर्यंत शाबूत राहतं, आणि जळालेल्या कणसाच्या सांध्यावर तो फरक दिसतो. मात्र महाराष्ट्रात हा पेच पडत नाही, कारण गहू आणि जव इथे रानात उगवतच नाहीत. इनामगावच्या चुलीत जळका जव मिळाला म्हणजे कुणीतरी बी आणलं, पेरलं आणि राखलं.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. सव्वाशेहून जास्त घरं उघडी पडली, जव हे मुख्य धान्य निघालं, जोडीला थोडा गहू, मसूर, वाटाणा. नदीचं पाणी वळवण्यासाठी पाट आणि बांध, पाच खोल्यांचं मोठं घर आणि त्याच्याशेजारी धान्याचं कोठार असं सगळं गाव हाती लागलं. इसवी सन पूर्व 1600 च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक तिथे वसले, 1400 पासून जोर्वे संस्कृतीचा काळ आणि 700 च्या आसपास गाव उठलं. त्याआधी, इसवी सन पूर्व 2200 पासून, तापी आणि प्रवरेच्या खोऱ्यात सावळदा संस्कृतीची गावं होती. दायमाबादला हे थर एकावर एक चढलेले मिळतात.

पीक कुठून आलं याचं उत्तर हंगामात आहे. गहू, जव, मसूर, वाटाणा ही पश्चिम आशियातली हिवाळी पिकं, तिथे पाऊसच हिवाळ्यात पडतो. मेहरगढ, सिंधू, सौराष्ट्र, माळवा असा प्रवास करत ती आली आणि आपल्याकडे रब्बी झाली. पावसाळा संपल्यावरही महिनोन्महिने ओल धरणारी काळी जमीन नसती तर ती दख्खनमध्ये तगली असती का, मला शंका आहे. दुसरा प्रवाह दक्षिणेचा. कर्नाटक, आंध्र, तेलंगणाच्या पठारावर इसवी सन पूर्व 3000 च्या आसपासपासून गुराखी-शेतकरी होते. शेणाचे ढीग जाळून झालेली त्यांची राखेची टेकाडं उतनूर, बुदिहाळला आहेत. त्यांचं धान्य म्हणजे कुळीथ, मूग आणि बारीक दाण्याची दोन-तीन तृणधान्यं, सगळी पावसाळी, सगळी या मातीतली. हे दोन प्रवाह महाराष्ट्रात भेटतात. खरीप आणि रब्बी असा दोन पायांवर उभा असलेला आपला शेतकरी त्या भेटीतून आला, असं मी मानतो. भाकरीची ज्वारी मात्र आफ्रिकेतून आलेली, ती या गोष्टीत उशिरा शिरते.

दगडातही हेच दिसतं. घासलेल्या कुऱ्हाडीचं माहेर दक्षिणेत. बळ्ळारीजवळ संगनकल्लू-कुपगल परिसरात डोलेराइटच्या, म्हणजे बेसाल्टसारख्याच कठीण दगडाच्या, काळ्या भिंती ग्रॅनाइटच्या टेकड्यांतून वर आलेल्या आहेत. तिथे कुऱ्हाडीचा कारखानाच होता: आधी छिलून आकार, मग टिचून टिचून सपाटी, मग पाणी-वाळू लावून खडकावर घासणं. घासून पडलेले खळगे आजही दिसतात. तिथेही तुऱ्याच्या पद्धतीची पाती आहेतच, पण कुऱ्हाड भरपूर. भीमा-गोदावरीकडे येताना कुऱ्हाड विरळ होत जाते आणि पातं सगळ्या कामांना पुरतं.

माणसं आली की फक्त बी आणि तंत्र आलं? युरोपात प्राचीन डीएनएने हा वाद बराचसा मिटवला: अनातोलियातून शेतकरी स्वतः चालत आले, वर्षाला सरासरी किलोमीटरभर. आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए फारसा टिकत नाही, त्यामुळे खापरांवर आणि दाण्यांवर भिस्त ठेवावी लागते. माळव्याचं खापर, माळव्याचं पीक आणि माळव्याच्या पद्धतीची घरं एकदम येतात तेव्हा माणसं आली असं म्हणणं मला सोपं जातं. पण पात्यांवरून मी तसं कधीच म्हणणार नाही. तुऱ्याची पद्धत सिंधपासून कर्नाटकापर्यंत सगळ्यांकडे होती.

राहिलं तांबं. जोर्व्याला 1950-51 च्या उत्खननात चपट्या तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या मिळाल्या, इनामगावला मणी, बांगड्या, छिन्न्या वगैरे आहेत. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांब्याचं कामापुरतं खनिज नाही, सगळं तांबं बाहेरून यायचं. मोडलं तर फेकत नसत, वितळवून पुन्हा वापरत. शिवाय ताज्या गारगोटीच्या पात्याइतकी तीक्ष्ण धार तांब्याला येत नाही, आणि बोथट झालेलं पातं काढून दुसरं बसवायला क्षण पुरतो. ज्याच्या दारात गारगोटी पडलेली आहे त्याने कणसं कापायला तांबं का वापरावं? दगड हटवला तो लोखंडाने. विदर्भात नाइकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आहे, माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी आहेत. लोखंड आलं आणि गारगोटीची पाती काही शतकांत नाहीशी झाली.

तुमच्या नांगरटीतल्या पात्यांबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. कॅल्सेडनी मुळातच चमकते, त्यामुळे तिच्यावरची चकाकी चर्टवर ओळखू येते तितकी सहज येत नाही. पातं उजेडात तिरपं धरा. चमक सगळीकडे सारखी असेल तर ती दगडाची. फक्त धारेलगत, दोन्ही अंगांना पट्ट्यासारखी असेल आणि पाठीकडे मंद होत असेल तर थांबून बघण्यासारखी आहे. धारेवर तुटक, ताजे, पांढरट खाचे असतील तर ते बहुधा लोखंडी फाळाचे किंवा रोटाव्हेटरचे. काळी जमीन तर आणखी फसवते. चैत्र-वैशाखात तिला हातभर खोल भेगा पडतात, वरची वस्तू आत जाते, पावसाळ्यात माती फुगून आतलं वर ढकलते. त्यामुळे काळ्या रानात मिळालेल्या पात्याच्या खोलीवरून त्याचं वय काढू नये. नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड असेल, माती राखट असेल आणि खापरं दिसत असतील तर तिथली नोंद खरी उपयोगाची.

उचलण्याआधी जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून, फोटो काढा आणि मोबाइलवर ठिकाण टिपून ठेवा. गट नंबर लिहा. पाती घासून धुऊ नका, साबण-ब्रश तर नाहीच, कारण खोबणीतल्या डिंकाचे किंवा धाटाचे कण धारेला चिकटून राहिलेले असू शकतात. एकेक पातं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. एकाच पिशवीत खडखडत आणलेल्या पात्यांवर मला पिशवीतच पडलेले कपचे मोजावे लागतात. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते, ती परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि परदेशी तर पाठवताच येत नाही. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला फोटो आणि ठिकाण कळवा. आणि कळवताना सुंदर पात्यांबरोबर ते आडव्या व्रणांचं, त्रिकोणी छेदाचं कुरूप पातं मिळालंय का तेही लिहा. मी असतो तर आधी तेच विचारलं असतं.